इतर हक्कातलं नाव

आमच्या इंदापूर तालुक्यात शेताचा बांध निघाला की कुणीतरी म्हातारा म्हणायचाच, "पहिली साखळी हितंच पडली." त्यात खोटं काही नाही. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी मुंबई इलाख्यातली नवी मोजणी-आकारणी सुरू केली, ती इंदापुरातूनच. शेत मोजायचं, मातीची प्रत बघायची, सारा बसवायचा. सरकारला माहीत करून घ्यायचं होतं ते एवढंच, की सारा कोण भरणार. दप्तरी नाव चढलं ते त्याचं. घरातल्या बाकीच्यांचे हक्क लिहून ठेवायचा कायदा आला तो १९०३ साली. आपला सातबारा त्याच वाटेनं आलेला. नमुना सात हक्काचा, नमुना बारा पिकाचा. पण गावाच्या मनात जुनंच राहिलं, सारा भरील त्याची जमीन.

आम्हीही तेच धरून चाललो होतो. अप्पा वारल्यावर सोसायटीचं कर्ज अंगावर आलं, म्हणून २०११ साली ओढ्याकडचं सव्वादोन एकर विकायचं ठरलं. गिऱ्हाईक गावचंच. इसारही झाला. पण त्याचा वकील चिवट. त्यानं तीस वर्षांचा सर्च घेतला, वर जुना फेरफार काढायला लावला. फेरफार १९६२ चा, आज्जा वारला त्या सालचा. कब्जेदारात अप्पांचं नाव, पुढं 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आणि उजवीकडं इतर हक्कात दोन्ही आत्यांची नावं.

वकील म्हणाला, "मॅनेजर म्हणजे मालक नव्हे. बहिणींच्या सह्या आणा."

धाकटा भाऊ उसळला. "लेकींना वाटा द्यायचा कायदा २००५ चा. आज्जा तर कवाच गेला!"

"२००५ कशाला?" वकील म्हणाला. "१९५६ च्या वारसा कायद्यातच मुलगी बापाची वारस आहे. आजोबा त्यानंतर वारले. आणि सातबारा म्हणजे सारावसुलीचं रेकॉर्ड. खोटं ठरेपर्यंत ते खरं धरतात, पण नुसत्या त्याच्यावर मालकी सिद्ध होत नाही."

थोरली आत्या वारलेली. तिची चार मुलं चार गावांना. त्यांच्या सह्या गोळा करता करता वर्ष गेलं. धाकटी आत्या बार्शीकडं. आम्ही हक्कसोडपत्राचा मसुदा टाईप करूनच घेऊन गेलो होतो. साडी-चोळी बरोबर. आत्या देईल सही, एवढं गृहीतच.

आत्यानं चहा दिला आणि विचारलं, "माझं नाव हाय का त्यात?"

"आहे की. म्हणून तर आलोय."

"कवापासून?"

"बासष्टपासून."

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पन्नास वर्सं माझं नाव तिथं हुतं आन् मला कुणी सांगितलं न्हाई?"

मी म्हणालो, "आत्या, नोटीस लागली असंल की चावडीत."

"चावडीत बाई कवा गेलीया का रं? आन् मी तर सासरी हुते."

यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. फेरफाराची नोटीस चावडीवर लावायची, मुदतीत हरकत आली नाही तर नोंद मंजूर. रीत कायदेशीर. ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचं, हेही त्या रीतीत होतं, पण जिचं नाव लिहिलं तिच्या कानावर ते गेलं नाही आणि आमच्या घरातूनही कुणी सांगितलं नाही.

आत्या म्हणाली, "हक्क सोडत न्हाई. इकायला ना न्हाई, पर माझं माझ्या हातात द्या."

भाऊ वर्षभर तिच्याशी बोलला नाही. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण कागद बघता बघता ध्यानात आलं, की आत्या नवीन काही मागत नव्हती. लिहिलेलं होतं तेवढंच मागत होती.

खरेदीखत झालं तेव्हा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ती हक्कसोड करणारी म्हणून नव्हे, 'लिहून देणार' म्हणून आमच्या शेजारी बसली. अंगठा उठवला आणि कारकुनाला म्हणाली, "नाव वाचून दाखवा."

त्यानं वाचलं. आज्ज्याचं नाव लावून, माहेरच्या नावासकट.

कर्ज फिटलं. आमच्या हाती ठरलं होतं त्याहून कमी आलं. उरलेल्या गटांच्या उताऱ्यांवर अजून ती दोन नावं आहेत, पण आता ती आमच्या पोरांनाही ठाऊक आहेत.