गुरुजी वर्गाबाहेर गेल्यावर

गोंदिया जिल्ह्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव तालुक्यांतल्या लहान गावांना दोनशिक्षकी शाळा नवी नाही. शिक्षण हक्क कायद्यातही प्राथमिकच्या ६० पर्यंतच्या पटाला दोनच शिक्षक धरले आहेत. म्हणजे गुरुजी तिसरीला वजाबाकी शिकवतात तेव्हा चौथी आपली आपण असते. शिक्षक कडक असावा की मवाळ, या जुन्या वादाकडे नेमके या बाजूने पाहणारा एक प्रयोग १९३८-३९ च्या सुमारास अमेरिकेत झाला.

कुर्ट लेविन हे ज्यू मानसशास्त्रज्ञ. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, १९३३ मध्ये, त्यांनी जर्मनी सोडली. हुकूमशाहीत माणसे कशी वागतात हा त्यांच्यापुढे केवळ पुस्तकी प्रश्न नव्हता. आयोवा विद्यापीठात त्यांनी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांच्यासह दहा वर्षांच्या मुलांचे पाच-पाच जणांचे चार गट केले. मुले मुखवटे बनवणे वगैरे हस्तकामे करत. दर सहा आठवड्यांनी प्रमुख बदले आणि त्याची वागण्याची रीतही. एका रीतीत सगळे हुकूम प्रमुखाचे. पुढची पायरी कोणती हेही मुलांना आधी कळत नसे. दुसरीत काम मुलांशी बोलून ठरे आणि प्रमुख मदतीला हजर असे. तिसरी रीत मुळात ठरलेलीच नव्हती. व्हाइट मुलांना इतके मोकळे सोडत, की हे दुसऱ्या रीतीत बसत नाही असे लेविन यांच्या ध्यानात आले. चूक म्हणून ते टाकून न देता त्यांनी त्याची वेगळी नोंद केली. (संशोधनात हे वाटते तितके सोपे नसते.)

मग प्रमुख मुद्दाम खोलीबाहेर जाई. हुकमाखाली निमूट राहणारी मुले त्याच्यासमोर ७४ टक्के वेळ कामात असत. तो गेल्यावर २९ टक्के. चर्चेने चालणाऱ्या गटांत हा आकडा ५० वरून फक्त ४६ वर आला. मोकाट गटांत तर तो ३३ वरून ४९ वर चढला!

मुले अवघी वीस होती, आणि वाचन-गणित कोणी तपासले नाही. तेव्हा गुणांबद्दल यातून काही म्हणता येत नाही. समोर असताना कडक प्रमुखाचाच गट पुढे होता हेही खरे. शाळातपासणीला साहेब येतात तेव्हा गुरुजी वर्गातच असतात, त्यामुळे त्यांनाही ७४ च दिसणार. त्यात घरी गोंडी किंवा पोवारी बोलणारे मूल वर्गात गप्प बसले, तर ते शिस्तीने की भाषा न कळल्याने, हे कडक वर्गात ओळखणे आणखी कठीण.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ बंद केला. पण छडी गेली की दुसरी रीत येतेच असे नाही, तिसरीही येते. तिसरीच्या वर्गाकडे वळण्याआधी चौथीला पाच मिनिटे विचारता येते: धानाच्या एका लोंबीत किती दाणे असतील, कसे मोजाल, कोण लिहून ठेवील?