पेडणे-डिचोलीच्या मतदार स्त्रिया

स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास म्हटला की सभा, निवेदने, मोर्चे यांची अपेक्षा असते. पेडणे-डिचोलीच्या बाबतीत ती अपेक्षा सोडूनच अभ्यासाला बसावे लागते. मुंबई इलाख्यात १९२१ साली कायदेमंडळाने स्त्रियांना मताधिकार दिला, तोही मालमत्तेच्या अटीवर. अठराव्या शतकाच्या अखेरीस नव्या काबिजादींत गेलेल्या या दोन महालांवर मात्र लिस्बनचा अंमल होता.

पोर्तुगालची कथा मोठी मासलेवाईक आहे. १९११ च्या कायद्यात ‘कुटुंबप्रमुख नागरिक’ असे शब्द होते. त्यांचा आधार घेऊन कारोलिना बेआत्रिझ आंजेलु या विधवा डॉक्टरने न्यायालयातून हक्क मिळवला व मत दिले. लगेच १९१३ साली कायद्यात ‘पुरुष’ हा शब्द घालून ती वाट बुजवण्यात आली! १९३१ मध्ये स्त्रीला मत मिळाले, पण माध्यमिक किंवा उच्च शिक्षणाच्या अटीवर. पुरुषाला लिहिता-वाचता येणे पुरेसे होते. घरी किंवा खाजगी मराठी शाळेत अक्षरओळख झालेल्या आपल्याकडच्या स्त्रीला अशा कायद्याचा काय उपयोग? गांवकारीत आणि देवस्थानांच्या महाजनांतही परंपरेने पुरुष वारसांचाच शब्द चाले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिल्या विधानसभेसाठी मतदान झाले. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीला, निरक्षर असो वा भूमिहीन, एकदम पूर्ण मत मिळाले. पुढे जेमतेम तीन वर्षांत, १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात, तिच्यापुढे प्रदेशाच्या भवितव्याचाच प्रश्न आला: विलीनीकरणासाठी फूल, वेगळ्या अस्तित्वासाठी दोन पाने. पेडणे, डिचोलीने फुलाला बहुमत दिले. एकूण कौल मात्र १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा उलट लागला. त्या फुलांपैकी किती स्त्रियांची, हे गुप्त मतपेटी कधीच सांगणार नाही. तरीही आपल्या लेखनात ‘मराठी समाजाने कौल दिला’ असे सरसकट म्हटले जाते आणि त्यात पुरुषांचीच नावे येतात. पेडण्यात जन्मलेल्या, डिचोलीतून निवडून आलेल्या शशिकला काकोडकर १९७३ मध्ये मुख्यमंत्री झाल्या, एवढ्या उल्लेखाने ही उणीव भरून निघत नाही.

मतदारयाद्या हे पहिले साधन, पण त्या सावधपणे वाचाव्यात. देशाच्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची पत्नी’ एवढेच सांगितल्याने त्यांची नावे यादीतून गळली होती. आपल्याकडे तर माहेरचे नाव, सासरचे नाव आणि घरात हाक मारायचे नाव अशी तिहेरी गुंतागुंत.

दुसरे साधन स्मृतीचे. १९६३ साली एकवीस पूर्ण केलेली स्त्री आज ऐंशीच्या पुढे आहे. तिला विचारायचे प्रश्न साधे आहेत: यादीत नाव कोणते लागले होते, केंद्रावर कोणाबरोबर गेलात, आणि फुलाची खूण कोणी समजावून सांगितली?