मेंढ्या, पाणी आणि सर सॅम्युएल

श्रोतेहो, कामगार चळवळीतला माणूस एका जमीनदाराचे चरित्र सांगावयास उभा राहिला, याचे आपणांस नवल वाटेल. पण समोरच्या बाजूचा माणूस नीट पारखून घ्यावा, हे मी युनियनच्या कामातच शिकलो. शाळेत फार दिवस बसण्याचा योग आला नाही.

सॅम्युएल मॅकॉगी १८३५ साली आयर्लंडात जन्मला. १८५६ मध्ये मामाबरोबर तो ऑस्ट्रेलियात आला आणि मेलबर्नहून चालत हॉर्शमजवळच्या मेंढ्यांच्या रानावर कामास लागला. दोन वर्षांत व्यवस्थापक झाला! १८६० साली कूनाँगच्या रानात त्याने भागी घेतली. तेथे पाण्याची टंचाई. त्याने तळी खोदली, बांध घातले, आणि वाढत वाढत लाखो मेंढ्यांचा धनी झाला. या साऱ्या भूमीवर विराजुरी, बार्किंजी आदी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांना कोणी विचारले नाही.

१८८८ साली डार्लिंग नदीकाठच्या त्याच्या डनलॉप रानात सबंध हंगामाची लोकर यंत्रांनी कातरली गेली. हाताच्या कातरीवर पोट असणाऱ्याला तेव्हा काय वाटले असेल, हे नवा माग पाहिलेल्या गिरणीकामगाराला समजावून सांगायला नको. कातरणाऱ्यांची युनियन १८८६ सालीच उभी राहिली होती. मालकांचा हट्ट असा की, युनियनबाहेरचा मजूर लावण्याची आम्हांस मोकळीक हवी. त्यावरून १८९१ आणि १८९४ मध्ये मोठे संप झाले. १८९४ साली तर संपफोडे मजूर घेऊन निघालेली ‘रॉडनी’ ही आगबोट डार्लिंग नदीत जाळली गेली. मधल्या काळात, १८९१ च्या निवडणुकीत, न्यू साऊथ वेल्सच्या विधानसभेत मजूर पक्षाचे ३५ सभासद निवडून आले.

मॅकॉगी राजकारणात शिरला तो १८९९ साली, वरिष्ठ सभागृहात. तेव्हा तेथे नेमणूक सरकारची असे आणि ती तहहयात. एका मताचीही गरज नसे.

तरीही एक गोष्ट त्याच्या पदरात टाकलीच पाहिजे. १९०० साली नॉर्थ यांको घेऊन त्याने तेथे सुमारे २०० मैलांचे पाट काढले. कोरड्या मुलखात पाण्यावर शेती होते, हे त्याने स्वतःच्या पैशाने दाखविले, आणि १९०६ साली सरकारने मरंबिजी नदीच्या कालव्यांचा कायदा केला. तो अविवाहित होता. १९१९ साली वारला तेव्हा सिडनी व क्वीन्सलंड विद्यापीठांना त्याने मोठी रक्कम ठेवली. लोकर कातरणाऱ्यांची मुले त्या विद्यापीठांत किती पोहोचली, हे मी शोधतो आहे.

त्याचेच टूराल नावाचे रान २००८ साली सरकारने विकत घेतले. तेथे अडविलेले पाणी पुन्हा डार्लिंग नदीत सोडावे म्हणून.