सत्तावीस सालचा श्रावण

कोकणातल्या आमच्या केळशीतली जुनी माणसं साल सांगायची ती आकड्यानं नाही, घडलेल्या गोष्टीनं. ‘रामदास’ बोट बुडाली ते साल, अमक्याच्या घरावर माड पडला ते साल. माझा आजा गिरणीत कधी लागला असं विचारलं की तो म्हणायचा, “मुंबईत रेडिओ सुरू झाला ना, त्याच साली.” पुढं कधीतरी वाचनात आलं की मुंबईचं नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झालं. आजाच्या आयुष्यातल्या एका तारखेचा तरी धागा हाती लागला.

त्यानंतर दोनच दिवसांनी, 25 जुलैला, अमेरिकेतल्या ब्रिस्टल या गावी राल्फ पीअर नावाच्या माणसानं टोप्यांच्या एका जुन्या वखारीत ध्वनिमुद्रणाची यंत्रं मांडली. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या हद्दीवरचं हे गाव. भोवतालच्या डोंगरातले शेतकरी, गिरणीकामगार, भजनी मंडळी गायला आली. एका गाण्याला 50 डॉलर रोख मिळत. आधीच्या वर्षी एका स्थानिक गायकानं रेकॉर्डांवर 3,600 डॉलर कमावल्याची बातमी तिथल्या वर्तमानपत्रात आली, तेव्हा तर रीघ लागली. ऑगस्टच्या सुरुवातीला कार्टर कुटुंब आलं. सारा अंगावर पिणारं मूल घेऊन, आणि तिची जाऊ मेबेल, अवघी अठरा वर्षांची, सातव्या महिन्यात, गिटार घेऊन. 4 ऑगस्टला जिमी रॉजर्स गायला. एके काळी रेल्वेत ब्रेक सांभाळणारा, क्षयानं खंगलेला माणूस. अमेरिकेतल्या कंट्री म्युझिकचा इतिहास सांगताना 1927 हे साल ओलांडून कुणालाच पुढं जाता येत नाही.

आपल्याकडे तेव्हा आषाढ सरून श्रावण लागत होता. केळशीत लावणीचे दिवस. आजी सांगायची, डोक्यावर इरलं, पोटरीएवढा चिखल, आणि एका बांधावरून निघालेलं गाणं दुसऱ्या बांधावरच्या बायका उचलायच्या. पोटुशी बाईसुद्धा आवणात वाकलेली असायची आणि गायचीही. पहाटे जात्यावर ओव्या वेगळ्याच. त्यात सासर, माहेर, मुंबईला गेलेला भाऊ, सगळं यायचं. मेबेलसारख्या बाया आमच्या वाडीत घरोघरी होत्या. त्यांच्यापुढं यंत्र मांडणारा मात्र कुणी आला नाही.

आणि आजा? पावसाळ्यात आगबोटी बंद. एरवी हर्णै बंदरातून मुंबई गाठता यायची, पण दर्या खवळला की गाव तुटला. मग गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांत कोकणातली पोरं गोकुळाष्टमीला आणि गणपतीत जाखडी उभी करायची. मध्ये ढोलकी, झांज आणि गाणारा शाहीर, भोवती रिंगण धरून नाचे, पायात चाळ. आधी गण, मग गवळण. शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन फळ्या समोरासमोर आल्या की सवाल-जवाबात रात्र सरायची. रेकॉर्डा तेव्हा मुंबईत मिळत होत्याच. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण 1902 पासून होत आलेलं. पण तबकडीवर चढली ती मुख्यतः बैठकीची आणि नाटकातली गाणी. गिरणीत साचा चालवणाऱ्याचं गाणं विकत घेण्याजोगं आहे, असं फारसं कुणाच्या मनात आलं नाही.

आमच्याच तालुक्यातल्या पालगडच्या एका माणसाला मात्र या गाण्यांचं मोल कळलं. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या मिळवल्या, लिहून घेतल्या आणि ‘स्त्री जीवन’मध्ये छापल्या. पुढं हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गाणारणीचं नाव, गाव यांचीही नोंद ठेवली. मला त्यातली ही नोंद सर्वांत मोठी वाटते. कारण ब्रिस्टलमध्ये नवं गाणं जन्मलं नव्हतं. तिथली बरीच गाणी पिढ्यांची होती. मोल होतं ते याचं की साध्या माणसाचं गाणं त्याच्या नावानिशी नोंदवलं गेलं, त्याला त्याचा दाम मिळाला. संगीताच्या इतिहासात एखादं साल मोठं होतं ते अशानं.

आजा शाहिराच्या मागं झील धरायचा. त्याची बरीच गाणी त्याच्याबरोबर गेली. आम्हा नातवंडांना दोन-चारांच्या चाली तेवढ्या आठवतात. आज जाखडीचे व्हिडिओ फोनाफोनांवर फिरतात, पण गीत कुणी रचलं, शाहीर कुठल्या वाडीचा, ढोलकीवर कोण, हे त्यात क्वचितच सापडतं. नुसतं चित्रण करून ते राखलं जायचं नाही. या गणपतीत नाच संपला की शाहिराजवळ बसा, त्याच्या गुरूचं नाव विचारा, गाणं त्याच्याच तोंडून पुरतं उतरवून घ्या आणि त्याच्या कलेचे पैसे त्याच्या हातात द्या. आपल्या गाण्यांचं मोठं साल यायचं असेल, तर ते एवढ्याच कामानं येईल, आणि ते काम आपल्या हातातलं आहे.