रखमाबाईंचा खटला आणि विवाहित स्त्रीची संमति

सन १८८७ च्या मार्च महिन्याच्या ४ तारखेस मुंबईच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं एका बावीस वर्षांच्या हिंदु स्त्रीस असा हुकूम केला कीं, तिनें एक महिन्याच्या आंत नवऱ्याच्या घरीं नांदावयास जावें. न गेल्यास सहा महिनेपर्यंत कैद भोगावी. त्या स्त्रीनें तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. तिचें नांव रखमाबाई. ती हा खटला हरली. परंतु ज्या कायद्यानें ती हरली, त्याचे एकेक दांत पुढील सत्तर वर्षांत उपटले गेले.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालीं मुंबईंत झाला. वडील लवकर वारले. सुतार जातींत विधवाविवाहाची रूढी होती. तीस अनुसरून आई जयंतीबाई यांनीं डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला. वयाच्या अकराव्या वर्षीं रखमाबाईंचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं लावून देण्यांत आलें. परंतु त्या सासरीं गेल्या नाहींत. आईच्या घरीं राहून त्यांनीं वाचन व अभ्यास चालू ठेविला. अखेर १८८४ सालीं दादाजींनीं पत्नीला नांदावयास पाठवावें म्हणून हायकोर्टांत दावा लाविला.

हा दावा प्रथम न्यायमूर्ति पिन्हे यांच्यापुढें चालला. सप्टेंबर १८८५ मध्यें त्यांनीं तो फेटाळला. असल्या दाव्यास हिंदु धर्मशास्त्रांत आधार नाहीं, अजाण वयांत लग्न लागलेल्या तरुण स्त्रीस तिला न आवडणाऱ्या पुरुषाकडे बळजबरीनें धाडणें क्रूरपणाचें होईल, असें त्यांचें मत पडलें. यांतील पहिला मुद्दा विशेष ध्यानांत घेण्यासारखा आहे. नांदावयास लावण्याचा हा उपाय मूळचा इंग्लंडांतील धर्मन्यायालयांचा. तो इंग्रजी अमदानीबरोबर इकडे आला. विलक्षण योगायोग असा कीं, हुकूम न मानणाऱ्यास तुरुंगांत घालण्याची तरतूद खुद्द इंग्लंडांत १८८४ सालींच रद्द झाली, आणि त्याच सालीं मुंबईंत हा दावा दाखल झाला!

पिन्हे यांच्या निकालानें महाराष्ट्रांत मोठें वादळ उठलें. बेहरामजी मलबारी प्रभृति सुधारकांनीं रखमाबाईंची बाजू उचलून धरली. टिळकांच्या 'केसरी'नें विरुद्ध बाजू घेतली. स्वतः रखमाबाईंनीं 'एक हिंदु स्त्री' या टोपणनांवानें 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रांत बालविवाहाविरुद्ध लिहिलें. १८८६ सालीं अपिलांत सरन्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ति बेली यांनीं पहिला निकाल फिरवून दावा पुनः चौकशीकरितां परत पाठविला. आणि त्यांतूनच फॅरन यांचा तो हुकूम निघाला.

व्हिक्टोरिया राणीनें मध्यें पडून रखमाबाईंची सुटका केली, अशी एक कथा प्रचलित आहे. वस्तुतः १८८८ सालीं उभयपक्षीं तडजोड झाली. दादाजींस दोन हजार रुपये देण्यांत आले आणि त्यांनीं हुकूम बजावण्याचा आग्रह सोडला. पुढें दादाजींनीं दुसरें लग्न केलें. त्यांस कायद्याची आडकाठी नव्हती; रखमाबाईंस मात्र घटस्फोटाची वाट नव्हती. एकाच विवाहानें बांधलेल्या दोघांपैकीं एकास दार उघडें व दुसऱ्यास बंद, ही विषमता या खटल्यानें चव्हाट्यावर आणली. रखमाबाई विलायतेस जाऊन वैद्यक शिकल्या, १८९४ सालीं डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन त्यांनीं सुरत व राजकोट येथें अनेक वर्षें स्त्रियांची सेवा केली.

इकडे कायदा हळूहळू पालटत होता. १८९० सालीं कलकत्त्यास एका कोवळ्या वयाच्या विवाहित मुलीचा पतीच्या समागमानें मृत्यु घडला. या दोन्ही प्रकरणांनीं लोकमत ढवळून निघालें, आणि १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षें झाली. नांदण्याच्या हुकुमापोटीं होणारी कैद १९२३ च्या दुरुस्तीनें नाहींशी झाली. म्हणजे फॅरन यांच्या हुकुमानंतर छत्तीस वर्षांनीं. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरविलें. मुंबई प्रांतानें १९४६ सालीं हिंदु पुरुषास द्विभार्या करण्याची बंदी केली व १९४७ सालीं हिंदु स्त्रीपुरुषांस घटस्फोटाचा हक्क दिला. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें या दोन्ही गोष्टी देशभर लागू केल्या. हा कायदा १८ मे रोजीं अंमलांत आला. त्यानंतर चार महिन्यांनीं, २५ सप्टेंबर रोजीं, रखमाबाई वयाच्या नव्वदाव्या वर्षीं निवर्तल्या.

तथापि या कथेचें शेवटचें पान अद्यापि उलटलेलें नाहीं. १९५५ च्या कायद्याच्या नवव्या कलमांत नांदावयास लावण्याचा उपाय कायम राहिला. तो पतिपत्नी उभयतांस सारखाच खुला आहे. आणि हुकूम न मानल्यास कैद नसली तरी मालमत्तेवर जप्ती येऊं शकते. १९८३ सालीं आंध्र हायकोर्टानें हें कलम घटनाबाह्य ठरविलें. परंतु १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें वैध मानलें. अकरा वर्षांच्या मुलीची संमति विचारलीच कोणी होती, हा पिन्हे यांच्या न्यायासनापुढील प्रश्न आज सुटला आहे. मुलीच्या लग्नाचें वय १९७८ पासून अठरा झालें आहे. पण जाणत्या वयाच्या माणसास सरकारी हुकुमानें कोणाच्या घरीं राहावयास लावावें कीं काय, हा प्रश्न रखमाबाईंनीं तुरुंगाच्या दाराशीं उभें राहून विचारला होता. त्याचें अखेरचें उत्तर कायद्यानें अजून दिलेलें नाहीं.