चॅनॉलॉजी प्रकल्प

चॅनॉलॉजी प्रकल्प : सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाविरुद्ध जानेवारी २००८ मध्ये इंटरनेटवर उभी राहिलेली आणि महिन्याच्या आत अनेक देशांतल्या रस्त्यांवर उतरलेली निनावी चळवळ. ‘फोरचॅन’ या संकेतस्थळातला ‘चॅन’ आणि सायंटॉलॉजीचा उत्तरार्ध जोडून हे नाव घडले. तिला नेता नव्हता, कचेरी नव्हती, सभासदांची यादीही नव्हती. सहभागी सगळे स्वतःला ‘अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे अनामिक, म्हणवत.

विज्ञानकथालेखक एल. रॉन हबर्ड (१९११–८६) यांचे ‘डायनेटिक्स’ हे पुस्तक १९५० मध्ये निघाले आणि पुढच्या काही वर्षांत त्यातून हा पंथ आकाराला आला. ‘ऑडिटिंग’ नावाच्या प्रश्नोत्तरांच्या बैठकांतून मनावरचे जुने आघात पुसले जातात, ही त्याची मूळ शिकवण. बैठकांना पैसे मोजावे लागतात आणि वरच्या पायऱ्या चढू तसे अधिकच. बऱ्याच वर पोचलेल्या साधकालाच झीनू नावाच्या जुलमी आकाशसम्राटाची, साडेसात कोटी वर्षांपूर्वीची कथा सांगितली जाते.

खरा वाद या कथेवरून नाही. अद्भुत कथा कोणत्या धर्मात नाहीत? वाद आहे तो गुप्ततेवरून, पैशावरून आणि पंथ सोडणाऱ्यांना व टीकाकारांना मिळणाऱ्या वागणुकीवरून. अमेरिकी सरकारी कार्यालयांत माणसे पेरून कागदपत्रे पळवल्याच्या प्रकरणात १९७९ मध्ये हबर्ड यांच्या पत्नी मेरी सू यांच्यासह पंथाचे ज्येष्ठ पदाधिकारी दोषी ठरले. पंथाचा शत्रू ठरलेल्या माणसाशी घरच्यांनीही संबंध तोडावेत, या प्रथेला ‘डिसकनेक्शन’ म्हणतात. आपल्याकडचा ‘वाळीत टाकणे’ हा शब्द तिला चपखल बसतो. संबंध तोडणे हा ज्याचा त्याचा निर्णय असतो, असे पंथाचे म्हणणे. बाहेर पडलेल्या अनेकांचा अनुभव नेमका उलटा आहे.

इंटरनेटवरचा संघर्ष २००८ च्या बराच आधीचा आहे. यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावरील एका गटात १९९० च्या दशकात माजी अनुयायी आपले अनुभव आणि पंथाचे गुप्त ग्रंथ मांडू लागले. जानेवारी १९९५ मध्ये पंथाच्या वकिलांनी तो गटच बंद पाडण्याचा प्रयत्न केला आणि त्यामुळे त्याचे वाचक उलट वाढले. त्याच वर्षी कॉपीराइटभंगाच्या आरोपावरून टीकाकारांच्या घरांवर धाडी पडल्या. फिनलंडमध्ये योहान हेल्सिंगियस यांची निनावी ईमेल पोचवणारी सेवा होती; पंथाच्या तक्रारीवरून एका वापरकर्त्याचे नाव त्यांना पोलिसांना द्यावे लागले आणि १९९६ मध्ये त्यांनी सेवाच बंद केली. डच लेखिका कारिन स्पाइंक यांच्यावरचा पंथाचा खटला तर दहा वर्षे चालला आणि शेवटी त्या जिंकल्या. ही सारी माणसे स्वतःच्या नावानिशी लढली आणि त्याची किंमतही त्यांनीच चुकवली. चॅनॉलॉजीचे श्रेय वाटताना त्यांना विसरणे अन्यायाचे होईल.

ठिणगी पडली ती एका चित्रफितीमुळे. अभिनेता टॉम क्रूझ पंथाविषयी भारावून बोलत असल्याची, अनुयायांपुरती बनवलेली ही फीत १४ जानेवारी २००८ च्या सुमारास यूट्यूबवर फुटली. पंथाने कॉपीराइटचा दावा करून ती काढायला लावली. ‘गॉकर’ या संकेतस्थळाने मात्र काढायला नकार दिला. एरवी टवाळखोरीसाठीच प्रसिद्ध असलेल्या फोरचॅनवरच्या तरुणांना हा आपल्या अंगणातला हस्तक्षेप वाटला. धावत्या ढगांच्या दृश्यांवर यंत्राच्या सपाट आवाजातला पंथाला उद्देशून एक संदेश २१ जानेवारीला प्रसिद्ध झाला. तुम्हाला इंटरनेटवरून हद्दपार करू, असा त्याचा आशय होता.

पहिले काही दिवस भूषणावह नव्हते. पंथाची संकेतस्थळे विनंत्यांच्या भडिमाराने ठप्प करणे, कार्यालयांना खोडसाळ फोन करणे, काळे कागद फॅक्स करून शाई संपवणे असे प्रकार झाले. पंथाशी संबंध नसलेली माणसेही त्यात भरडली गेली. या हल्ल्यांतल्या सहभागाबद्दल पुढे अमेरिकेत दोन तरुणांना तुरुंगवास झाला. वळण दिले ते मार्क बंकर या जुन्या टीकाकाराने. कायदा मोडू नका, नाहीतर तुम्हीच आरोपी ठराल, असे त्यांनी एका चित्रफितीत शांतपणे समजावले. मुलांनी त्यांना ‘शहाणा दाढीवाला’ असे नाव दिले आणि, विशेष म्हणजे, त्यांचे ऐकले.

१० फेब्रुवारी २००८ रोजी, दिवस आधी उगवणाऱ्या ऑस्ट्रेलियापासून सुरुवात होऊन, लंडन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस अशा शंभराच्या आसपास शहरांत काही हजार लोक पंथाच्या इमारतींसमोर जमले. तारीख निवडली होती ती पंथाच्या देखरेखीखाली असताना १९९५ मध्ये फ्लोरिडात मरण पावलेल्या लिसा मॅकफर्सन या अनुयायी स्त्रीच्या जन्मदिनाभोवतीची. निदर्शकांचे फोटो काढून त्यांचा माग काढला जाईल, या भीतीने अनेकांनी गाय फॉक्स या जुन्या इंग्रज बंडखोराचे मुखवटे घातले. ‘व्ही फॉर व्हेन्डेटा’ या चित्रपटामुळे ते माहीत होतेच. शिवाय फोरचॅनवर हाच मुखवटा एका सदा फजिती होणाऱ्या रेखाटलेल्या पात्राच्या तोंडावर मीम म्हणून आधीपासून फिरत होता.

मीम रस्त्यावर आले, हे या चळवळीचे वेगळेपण. लांबलचक मांजराचे चित्र आणि केकवरचे विनोद निदर्शनांत दिसले; रिक अ‍ॅस्टली यांचे १९८७ चे गाणे, जे एरवी फसव्या दुव्यांवरून ऐकवले जाई, ते थेट पंथाच्या दारात मोठ्याने वाजवले गेले. याला पोरखेळ म्हणणे चूक आहे. खटला, नोटीस, पाळत ही पंथाची हत्यारे चालायला समोर एक नाव आणि एक पत्ता लागतो. हसणाऱ्या, चेहरा नसलेल्या गर्दीला तो नव्हता. म्हणूनच वर्षानुवर्षे घाबरून गप्प राहिलेल्यांना तिच्या आडोशाला उभे राहता आले. झीनूची टिंगल मात्र कधीकधी इतकी वाढली, की साध्या अनुयायांची श्रद्धाच लक्ष्य झाली आणि वाळीत टाकलेल्यांची दुःखे मागे पडली. एप्रिल २००८ ची निदर्शने तुटलेल्या कुटुंबांसाठी होती, आणि ती माझ्या मते या चळवळीची सर्वांत प्रामाणिक कृती होय.

मे २००८ मध्ये लंडनमध्ये एका १५ वर्षांच्या मुलाने फलकावर पंथासाठी ‘कल्ट’ हा शब्द वापरला म्हणून पोलिसांनी त्याला समन्स दिले. तो शब्द अपमानकारक ठरत नाही, असे सांगून सरकारी वकिलांनी खटला चालवण्यास नकार दिला. त्याच वर्षी पंथप्रमुख डेव्हिड मिस्कॅव्हिज यांची पुतणी जेना मिस्कॅव्हिज हिल यांनी इतरांसह पंथात वाढलेल्या मुलांसाठी संकेतस्थळ सुरू केले. मे २००९ मध्ये विकिपीडियाने पंथाच्या संगणकांवरून होणारी संपादने रोखली.

निदर्शने पुढे रोडावली आणि पंथ अमेरिकेतील करसवलतीसह टिकून राहिला. मुखवटा मात्र इतरांच्या हाती गेला. ९ जून २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर, संकेतस्थळांवरील बंदीच्या निषेधार्थ जमलेल्या तरुणांच्या तोंडावर तोच होता.