आचरियपरंपरा आणि संशोधकांची संगणकीय सूची

अहिल्यानगर जिल्हा २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखला जात असे. त्या नगरच्या भुईकोट किल्ल्याचे नाव निघाले की वाचकांस पंडित नेहरूंचा १९४४ साली तेथे लिहिला गेलेला ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आठवतो. मौलाना आझादांचा ‘गुबार-ए-खातिर’ हाही त्याच बंदिवासातील ग्रंथ होय. परंतु ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू झालेल्या त्या बंदिवासात बौद्ध विद्येच्या दृष्टीने महत्त्वाचे असे तिसरे एक कार्य चालले होते, आणि त्याची वार्ता आपल्या जिल्ह्यातील उपासकांपर्यंत क्वचितच पोहोचली आहे. आचार्य नरेंद्र देव यांनी या किल्ल्यात आचार्य वसुबंधूंच्या अभिधर्मकोशाचे हिंदी भाषांतर केले. मूळ संस्कृत भाष्य तोवर छापले गेलेले नसल्यामुळे त्यांनी ते फ्रेंच भाषांतरावरून केले.

भारतात रचलेला ग्रंथ भारतीय पंडिताने फ्रेंचमधून वाचावा, ही घटना विचार करण्याजोगी आहे. हे कसे घडले याचा उलगडा केवळ नरेंद्र देव यांचे चरित्र वाचून होत नाही. त्यासाठी विद्वानांचे परस्परसंबंध तपासावे लागतात. अशा संबंधांचा शोध घेण्याची साधने पूर्वी कोणती होती, आज संगणकीय सूचींच्या रूपाने कोणती आली आहेत, आणि त्यांत आपल्या समाजाचे स्थान काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एका ग्रंथाचे दुवे

वसुबंधूंच्या कोशाची चिनी भाषांतरे सहाव्या शतकात परमार्थ यांनी आणि सातव्या शतकात ह्युएन त्संग यांनी केली. तिबेटी भाषांतरही झाले. भारतातून भाष्याची संस्कृत पोथी नाहीशी झाली. मात्र यशोमित्राची टीका टिकून राहिली. या सर्व सामग्रीच्या आधारे बेल्जियमचे विद्वान लुई द ला व्हाले पूसें यांनी १९२३ ते १९३१ या काळात कोशाचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले. ते हाती घेणारे नरेंद्र देव हे बनारसच्या क्वीन्स कॉलेजचे विद्यार्थी. तेथे त्यांना आर्थर व्हेनिस आणि एच. सी. नॉर्मन हे अध्यापक लाभले. हे नॉर्मन म्हणजेच पाली टेक्स्ट सोसायटीसाठी धम्मपद-अट्ठकथेचे संपादन करणारे पंडित. एका बाजूस लंडनची पाली ग्रंथमाला, दुसऱ्या बाजूस बेल्जियमचे संशोधन, आणि या दोहोंचा संगम नगरच्या किल्ल्यातील एका कोठडीत.

या साखळीचा आणखी एक दुवा नगरपासून सुमारे १२० किलोमीटरवर, पुण्यात होता. महापंडित राहुल सांकृत्यायन यांना १९३० नंतरच्या दशकातील तिबेट-यात्रांत कोशाच्या संस्कृत पोथ्या आढळल्या. त्यांच्या छायाचित्रांवरून मूळ कारिकांचे संपादन फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्रा. वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी केले, आणि ते १९४६ साली मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. संपूर्ण भाष्य प्रल्हाद प्रधान यांच्या संपादनाने पाटणा येथून १९६७ साली बाहेर पडले. म्हणजे नगरला फ्रेंचमधून कोशाचे भाषांतर होत असताना त्याच ग्रंथाचे मूळ शब्द शेजारच्याच जिल्ह्यात मुद्रणाच्या वाटेवर होते. नरेंद्र देव १९५६ साली निधन पावले. त्यांच्या भाषांतराचा पहिला भाग अलाहाबादच्या हिंदुस्तानी अकादमीने १९५८ मध्ये छापला. त्यांच्या ‘बौद्ध-धर्म-दर्शन’ या ग्रंथास १९५७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला.

ही हकीकत कोठल्याही एका पुस्तकात सलग सापडत नाही. प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि मुखपृष्ठे एकापुढे एक ठेवून ती जुळवावी लागते. नेहरूंच्या ग्रंथाचीच प्रस्तावना पाहावी. किल्ल्यातील अकरा सहबंद्यांचे ऋण मानून ते चौघांचा विशेष नामनिर्देश करतात. त्यांत आझाद, गोविंद वल्लभ पंत व असफ अली यांच्यासमवेत नरेंद्र देव आहेत.

आचरियपरंपरेचे स्वरूप

विद्वानांची सूची व त्यांचे संबंध नोंदविण्याची पद्धती आपल्या धम्मवाङ्मयास नवीन नाही. समन्तपासादिका या विनयाच्या अट्ठकथेत, तसेच दीपवंस व महावंस या ग्रंथांत विनयधर आचार्यांची मालिका दिलेली आहे: उपाली, दासक, सोणक, सिग्गव आणि मोग्गलिपुत्त तिस्स. कोणी कोणापासून विनय ग्रहण केला, एवढाच या मालिकेचा विषय. तिच्या आरंभी कोण आहे, हे आपण विशेष ध्यानात घेतले पाहिजे. उपाली हे शाक्यांचे न्हावी होते. शाक्य कुमारांनी आपला अहंकार गळावा म्हणून उपालींना आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली, असे चुल्लवग्गात सांगितले आहे. वंशावळीत जन्म मोजला जातो, आचरियपरंपरेत अध्ययन मोजले जाते. ज्या समाजरचनेत ज्ञानाचा अधिकार जन्मावर ठरत होता तेथे न्हाव्याच्या नावाने विद्येची परंपरा सुरू व्हावी, ही क्रांतीच होती.

लेण्यांतील दानलेखांतही हीच दृष्टी दिसते. भिक्षू वा भिक्षुणी आपली ओळख अमुक थेराचा अंतेवासी, अमुक थेराची अंतेवासिनी अशी करून देतात. गुरुशिष्यसंबंध ही त्या काळची नोंदणी होती.

अशी सूची विश्वसनीय केव्हा ठरते, याचेही उत्तम उदाहरण आपल्या इतिहासात आहे. तिसऱ्या संगीतीनंतर निरनिराळ्या प्रदेशांत पाठविलेल्या थेरांची नावे महावंसात आहेत. महारट्ठात महाधम्मरक्खित, अपरान्तात योनक धम्मरक्खित, हिमवंतात मज्झिम अशी ती नावे आहेत. ही केवळ दंतकथा होय असे कोणी म्हणू शकला असता. परंतु १८५१ साली कनिंगहॅम व मेसी यांनी सांची आणि परिसरातील स्तूपांचे उत्खनन केले, तेव्हा अस्थिकरंडकांवर मज्झिम व कासपगोत ही नावे हिमवंत प्रदेशाच्या निर्देशासह कोरलेली आढळली. ग्रंथातील नाव आणि दगडावरील नाव परस्परांस साक्ष देऊ लागले. एका सूचीवर विसंबू नये, दुसरा स्वतंत्र पुरावा शोधावा, हा नियम यातून मिळतो. तो आजच्या संगणकीय सूचीसही तंतोतंत लागू पडतो.

मराठी पाली-अध्ययनाची साखळी

आधुनिक महाराष्ट्रातील पाली-अध्ययनाची परंपराही अशीच जुळविता येते. धर्मानंद कोसंबी गोव्यातील साखवाळचे. त्यांनी कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांच्या छत्राखाली अध्ययन केले, १९१२ ते १९१८ फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली आणि हार्वर्ड विद्यापीठात वॉरन यांचे अपुरे राहिलेले विसुद्धिमग्गाचे संपादन पुढे नेले. ते हार्वर्ड ग्रंथमालेत १९५० साली, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाले. त्यांचे शिष्य पु. वि. बापट यांनी विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग यांचा तौलनिक अभ्यास १९३७ मध्ये प्रकाशित केला. दिल्ली विद्यापीठात १९५७ मध्ये बौद्ध अध्ययन विभाग स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले प्रमुख बापट होते. वर उल्लेखिलेले गोखलेही पुढे त्याच विभागात गेले. कोलंबो, पुणे, हार्वर्ड, दिल्ली ही ठिकाणे एका सूत्रात ओवली जातात ती शिक्षक-विद्यार्थी संबंधामुळे. कोसंबींचे ‘निवेदन’ हे आत्मकथन त्या दृष्टीने वाचले तर ती तत्कालीन बौद्ध विद्वानांची एक सूचीच ठरते.

संगणकीय सूची आणि तिचा उपयोग

आज हेच कार्य संगणकावर बसून करण्याची सोय झाली आहे. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने ‘विद्वान’ या नावाची सूची चालविली आहे. तीत विद्यापीठे व महाविद्यालयांतील अध्यापक-संशोधकांची नावे, पदे, अभ्यासविषय, प्रकाशने आणि सहलेखक यांची माहिती मिळते. त्याच केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात विद्यापीठांना सादर झालेले पीएच.डी.चे प्रबंध ठेवलेले असतात. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यास पाली वा बौद्ध अध्ययनात मार्गदर्शक शोधावयाचा असल्यास शोधगंगेपासून आरंभ करावा. प्रबंधाच्या नोंदीत मार्गदर्शकाचे नाव असते. त्या नावाने पुन्हा शोध घेतल्यास त्यांचे अन्य विद्यार्थी समजतात. या विद्यार्थ्यांपैकी आज कोण कोठे शिकवीत आहे, हे नंतर ‘विद्वान’ सूचीत पाहावे. अशा रीतीने दोन-तीन तासांत एका आचार्याची शिष्यशाखा डोळ्यांसमोर उभी राहते.

शोध घेताना दोन अडचणी येतात. पहिली रोमन लिपीतील नावांची. कांबळे, गायकवाड, साळवे या आडनावांचे अनेक संशोधक एकाच आद्याक्षराने लिहितात, आणि एकाचे लेख दुसऱ्याच्या नावावर जमा होतात. यावर उपाय म्हणून २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळखक्रमांक जगभर दिला जातो. तो विनामूल्य मिळतो. आपल्या तरुण संशोधकांनी पहिला लेख छापण्यापूर्वीच तो घ्यावा. दुसरी अडचण संबंधांच्या व्याख्येची. या सूचींत संबंध म्हणजे प्रामुख्याने सहलेखन. विज्ञानशाखांत दहा जण मिळून एक निबंध लिहितात, तेथे हे माप योग्य आहे. पालीचा अभ्यासक मात्र बहुधा एकटा लिहितो. त्याचे खरे संबंध कोणी पोथी दिली, कोणी पाठ तपासला, कोणी तिबेटी समजावून सांगितली, यांत असतात, आणि ते ऋणनिर्देशात नोंदलेले असतात. सहलेखनाचे जाळे पाहून हा विद्वान एकाकी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

सूचीबाहेरचे विद्वान

याहून गंभीर प्रश्न सूचीत कोण येतो हा आहे. पद आणि विषय या दोन खणांत नाव बसवावे लागते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना या खणांत कोठे बसविणार? अर्थशास्त्र वा विधी या विषयांखाली त्यांचे नाव सहज आले असते. परंतु त्यांनी स्वतः पाली शब्दकोशाचे काम केले होते. तो त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध झाला. पाली विषयाखाली शोध घेणाऱ्यास हा कोशकार भेटला नसता. गणिताचे प्राध्यापक दा. ध. कोसंबी यांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल.

ऋणनिर्देश गळाला की दुवा कसा तुटतो, याचा अनुभव आपल्याच घरात आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेली प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. तिच्यात कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना विद्यार्थिदशेत भेट दिल्याची आठवण आहे. ग्रंथलेखनाच्या काळात आजारपण सांभाळणाऱ्या सविताबाई आणि डॉ. मालवणकर यांचे, तसेच नानकचंद रत्तू यांच्या परिश्रमांचे ऋण तिच्यात मानले आहे. पहिल्या आवृत्तीच्या वाचकास यांतील एकही नाव दिसले नाही. प्रस्तावना पुढे उजेडात आली तेव्हाच शाळकरी भीमरावापासून धम्मग्रंथाच्या कर्त्यापर्यंतचा मार्ग स्वतः त्यांच्याच शब्दांत कळला.

म्हणून आपल्या जिल्ह्यातील विहारांपुढे एक निश्चित काम आहे. अकोले, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे, पाथर्डी अशा तालुक्यांत गेल्या सहा-सात दशकांत धम्मवर्ग चालविणारे शिक्षक, परित्राणपाठ शिकविणारे बौद्धाचार्य, पुस्तिका लिहिणारे कार्यकर्ते होऊन गेले. त्यांच्यापाशी विद्यापीठाचे पद नव्हते, म्हणून कोणत्याही सूचीत ते नाहीत. डिसेंबर १९३९ मध्ये याच जिल्ह्यात हरेगाव येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार वतनाच्या प्रश्नावर परिषद झाली. ती ऐकणाऱ्या पिढीने पुढे काय वाचले व कोणास शिकविले, हे सांगणारे वृद्ध दिवसेंदिवस कमी होत आहेत. प्रत्येक विहाराने एक वही करावी. व्यक्तीचे नाव, गाव, कोणापासून शिकले, कोणास शिकविले, कोणती पुस्तके जवळ होती, एवढे पाच रकाने पुरेत. माहिती कोणी सांगितली व केव्हा सांगितली, याची नोंद शेजारी असावी. हयात व्यक्तीची माहिती तिच्या संमतीनेच घ्यावी. पुढे ही वही संगणकावर चढविणे कठीण नाही. परंतु जे वहीत नाही ते संगणकात कोठून येणार?

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. परंपरेची नोंद ठेवणे आणि परंपरेस प्रमाण मानणे या भिन्न गोष्टी आहेत. केवळ परंपरेने आले म्हणून, वा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादे मत स्वीकारू नये, हा तथागतांनी कालामांस केलेला उपदेश येथेही लागू आहे. अमुक आचार्याचा शिष्य एवढ्यावर कोणाचे मत खरे ठरत नाही. सूची आपल्याला माणसापर्यंत पोहोचविते. त्याचे म्हणणे पारखण्याचे काम आपलेच राहते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी व पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा मिळाला. त्यामुळे पालीचे अभ्यासक कोण, असा प्रश्न आता वारंवार विचारला जाईल आणि त्याचे उत्तर सूचींतूनच शोधले जाईल. उपालींचे नाव ज्यांनी प्रथम स्थानी नोंदविले त्या थेरांच्या दृष्टीने आपण आपल्या गावातील विद्येची नोंद केली, तर त्या उत्तरात विहाराच्या ओसरीवर शिकविणाऱ्याचेही नाव राहील.